झोळीचे दीड किलो

माणसाला भाताच्या गोणीसारखं काट्याला टांगून मोजता येतं. मी महिनाभर रोज टांगून घेतलंय, म्हणून खात्रीनं सांगतोय.

आता हे असं का करावं लागलं, ते ऐका. आमच्या किन्हवलीकडं कबड्डी म्हणजे जीव! आणि आमच्या संघाचा जीव म्हणजे पंचावन्न किलो वजनी गट. म्हणजे मैदानात उतरायच्या आधी प्रत्येकाला काट्यावर उभं करतात, आणि पंचावन्नच्या वर एक ग्राम जरी भरला तरी बाहेर. गेल्या वर्षी मी अठ्ठावन्न भरलो. (वाशिंदला गोडाऊनमध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो ओ, वजन काय स्वतःहून उतरणार आहे?) मग संघानं मला काय काम दिलं माहितीय? स्कोअर लिहायचं! सगळी पोरं मैदानात धूळ उडवतायत आणि मी कडेला पेन घेऊन बसलोय, बँकेत फॉर्म भरायला आल्यासारखा.

यंदा दिवाळीनंतर मुरबाडकडच्या एका गावात मोठे सामने होते. आमचा कॅप्टन म्हणजे माझा चुलतभाऊ बाळूदादा. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सुशा, या वेळी वजनात बसलास तर सातात घेतो. नाय बसलास तर वही-पेन तुझा. कायमचा!"

कायमचा! मी तिथल्या तिथं ठरवलं, मरू पण पंचावन्नात बसू.

पण प्रॉब्लेम असा की नुसतं बारीक होऊन चालत नाय. बारीक झालो आणि ताकद गेली, तर समोरचे सात जण मला पापडासारखा मोडणार. ताकद कमवायला गेलो आणि दंड फुगले, तर परत काट्यावर साठ. म्हणजे मला पाहिजे होती अशी ताकद, जी दिसणार नाय आणि भरणार पण नाय! आता असा व्यायाम कुठं मिळतो?

मला वाटलं, शहापूरला जिममध्ये मिळत असेल.

जिमचे सर म्हणजे दारातून आडवेच आत येतील असे. मी बोललो, "सर, मला फुगायचं नाय. सुकायचंय."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आधी बल्क, मग कट."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी फुगायचं, मग कापायचं."

आमच्याकडं कोंबडीचं असंच करतात, पण ते कोंबडीला विचारून नाय करत. मला सरांनी विचारलं, आणि मी हो बोललो! गणपतीपासून दसऱ्यापर्यंत मी लोखंड उचललं, रोज आठ अंडी खाल्ली, आणि जिमच्या मशीनवर उभा राहिलो तर साठ किलो पाचशे! शर्टाच्या बाह्या दंडावर रुतायला लागल्या. मी घाबरून विचारलं, "सर, कट कधी?"

सर बोलले, "उन्हाळ्यात."

सामने दिवाळीनंतर!! मी त्या दिवसापासून जिमची पायरी चढलो नाय.

मग धावायचं ठरवलं. धावण्यात काय वाईट होणार? फुकटचा व्यायाम, कोणाला त्रास नाय. असं मला वाटलेलं.

पहिल्याच दिवशी सकाळी साडेपाचला घरातून निघालो आणि सरळगावच्या रस्त्याला लागलो. दोन मिनिटांत दूधवाल्यानं बाईक थांबवली. "बस मागं."

"नाय, नाय. असाच धावतोय."

"असाच?" त्याला ते काय पटलं नाय. पुढं जीपवाला थांबला. "अरे, कुठं जायचाय? बस ना, सोडतो!" मी हातानंच नको बोललो. मग शेतावर निघालेल्या दोन आज्या थांबल्या. एक ओरडली, "सुशांत ना रे तू? काय झाला? कोण गेला?"

आता माझा दम एवढा लागलेला की तोंडातून शब्द निघेना. मी छातीवर हात ठेवला, आणि मागं घराकडं बोट दाखवलं. म्हणजे मला सांगायचं होतं, दम लागलाय, आता घरी परत जाणार. एवढं साधं! ती आजी डोक्यावर पदर घेऊन तिथंच मटकन बसली.

मी पाच किलोमीटर करून घरी आलो तर अंगणात पंचवीस माणसं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कोणीतरी दोन हिरवे बांबू तोडून आणलेले, ते भिंतीला उभे. आणि मधे ओट्यावर आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बनियनवर चहा पीत बसलेले, आणि समोरची मंडळी त्यांच्याकडं जरा निराश होऊन बघत होती.

"काय रे," अण्णा एकदम शांत आवाजात बोलले, "मी कधी गेलो?"

आईनं पंचवीस माणसांचा चहा केला. दूध संपलं. बांबू मात्र वाया नाय गेले, काकानं कोंबड्यांच्या खुराड्याला वापरले. पण माझं धावणं बंद. अण्णा बोलले, "तू धावलास का लोक मलाच शोधत येतील."

राहिलं काय? दोरीवरच्या उड्या! जागेवरच करायच्या, रस्त्यावर जायला नको, कोणाचा गैरसमज नाय. दोरी मात्र घरात नव्हती. म्हणून मी गोठ्यात गेलो आणि काकाच्या म्हशीचं दावं सोडून घेतलं. पंधरा मिनिटांसाठीच ओ! म्हैस रवंथ करत बसलेली. म्हटलं, ही कुठं जाते?

मी चाळीस उड्या मारल्या. एकेचाळिसाव्याला बघतो तर खुंट्याजवळ म्हैस नाय!

ती शेजाऱ्याच्या उभ्या भातात होती. मी मागनं धावलो, म्हैस पुढं धावली, शेजारी माझ्या मागं धावला (त्याच्या हातात काठी होती आणि ती म्हशीसाठी नव्हती). त्या दिवशी मी जिमपेक्षा जास्त घाम काढला. आणि मग बांधावर काकी उभी राहिली.

काकीबद्दल आता नीट सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिचीच आहे. काकी म्हणजे बाळूदादाची आई. पन्नाशीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि बांधा असा की वारा आला तर वाटावं आता जाते. ही बाई आठ-दहा पट वजनाच्या म्हशीच्या वाटेत नुसती उभी राहिली. ओरडली नाय, काठी उगारली नाय. म्हैस जवळ आली तशी एका हातानं तिचं शिंग धरलं आणि मान वळवली, आपण दाराची कडी फिरवतो तशी. म्हैस थांबली. मी थांबलो. काठीवाला शेजारी पण थांबला.

तेव्हा मी पहिल्यांदा काकीच्या दंडाकडं नीट बघितलं. फुगवटा कुठंच नाय. नुसता पीळ! ओल्या दोरखंडाला असतो तसा. जी ताकद मी शहापुरात आठ-आठ अंडी खाऊन शोधत होतो, ती आमच्याच घरात लुगडं नेसून फिरत होती, आणि मी तिच्या हातच्या भाकऱ्या खाऊन जाड होत होतो!!

"काकी," मी धापा टाकत विचारलं, "तू कुठला व्यायाम करतेस गो?"

"व्यायाम?" काकी एवढी हसली की म्हैस परत बिचकली. "मेल्या, दावं दे आधी. आणि परवापासून भात कापायला लागतोय, भारे वाहायला ये. व्यायाम विचारतो!"

गेलो. ऑफिसची ड्युटी दुपारची मागून घेतली, सकाळ काकीच्या ताब्यात दिली. भारा म्हणजे कापलेल्या भाताच्या पेंढ्या एकत्र बांधलेलं मोठं ओझं, चांगलं तीस-पस्तीस किलोचं. शेतातून खळ्यापर्यंत डोक्यावरनं न्यायचं. डोक्यावर चुंबळ ठेवायची, आणि भारा चढवायला दुसऱ्यानं हात लावायचा. हा नियमच आहे. भारा कोणी एकट्यानं डोक्यावर घेत नाय, शेजारून कोण पण जात असूदे, पाटील असूदे नायतर पोस्टमन, "हात लाव रे" बोललं की त्यानं हात लावायचा आणि आपल्या वाटेला लागायचं.

काकीनं हात लावला. भारा डोक्यावर आला आणि माझी मान खांद्यात गेली, कासवाची जाते तशी. पहिल्या बांधावर मी डावीकडं गेलो, भारा उजवीकडं गेला.

"पाय उचलतो कशाला एवढा? लग्नाच्या वरातीत नाचतोस काय?" काकी मागनं ओरडली. "बारीक पावलं टाक! मान हलवू नको, कमरेतनं चाल. आणि थांबायचा नाय. थांबलास का भारा जड होतो."

थांबलास का भारा जड होतो! हे मला जिमच्या सरांनी फी घेऊन नाय सांगितलं.

पहिल्या दिवशी जेवणवेळेपर्यंत माझे पाच भारे झाले. काकीचे बावीस. आणि येता येता ती मी सांडलेल्या लोंब्या पण वेचत होती. वर परत मला विचारतेय, "दमलास काय रे? बस जरा सावलीला." मी सावलीला बसलो. ती तेविसावा आणायला गेली.

भारे झाले की झोडणी. पेंढी दोन हातांत धरायची, डोक्यावरून फिरवून ओंडक्यावर आपटायची, दाणे खाली. शंभर वेळा, दोनशे वेळा. खांदे जळायचे, पोट आत ओढलं जायचं. आठ दिवसांत शर्टाच्या बाह्या सैल झाल्या. पंधरा दिवसांत पँट पकडून चालायला लागलो. आणि गंमत म्हणजे ताकद कमी होईना, वाढायलाच लागली! संध्याकाळी सरावाला बाळूदादानं माझा पाय धरला, मी त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेला. दादा उठून धूळ झाडत बोलला, "आयला, हे कुठं शिकलास?" मी बोललो, "तुझ्या आईकडं." (हे वाक्य चारचौघांत जरा वेगळं ऐकू गेलं, पण दादानं समजून घेतलं.)

आता येतो काट्यावर.

जिम सोडल्यामुळं वजन करायला मशीन नव्हती. पण काकाचा भात मोजायचा काटा होता ना! पडवीच्या तुळईला टांगलेला, गोल तबकडीचा, खाली हूक. हुकाला तागाच्या जाड दोरांची मोठी झोळी लावायची, झोळीत गोणी ठेवायची, सुई बघायची. पहिल्या दिवशी मी काट्याजवळ गेलो तेव्हा काका झोळी घेऊन आला. "ही लाव आणि आत बस."

मी त्या झोळीकडं बघितलं. पडवीत शेजारच्या दोन पोरी भात पाखडत होत्या.

"झोळीत? मी काय तान्हा हाय?"

"अरे पण झोळीशिवाय..."

"काका, काट्याला काय कळतंय झोळीत भात हाय का माणूस!"

आणि मी स्टाईलमध्ये उडी मारून दोन हातांनी हूकच पकडला आणि लटकलो. पाय वर घेऊन. पोरींनी बघितलं. आई खुर्चीवर चढली, चष्मा लावला, सुई बघितली. "एकोणसाठ."

बघा! जिममध्ये साठ पाचशे होतो. जिम नुसती सोडली तर दीड किलो उतरलं! मी सगळ्यांना सांगत सुटलो की जिममध्ये टेन्शनमुळं वजन वाढतं. (मी लटकायच्या आधी सुई शून्याच्या जरा मागं होती, ते मला दिसलेलं. म्हटलं, जुना काटा आहे, दमला असेल बिचारा.)

मग रोज सकाळी तेच. मी लटकायचो, आई खुर्चीवर चढायची. अठ्ठावन्न. छप्पन्न पाचशे. पंचावन्न. सामन्याच्या आदल्या दिवशी त्रेपन्न आठशे! बाराशे ग्राम शिल्लक! मी आईला खुर्चीसकट उचलली.

आणि सामन्याच्या दिवशी सकाळी, बाराशे ग्राम शिल्लक आहेत म्हणून, मी सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर चार भाकऱ्या हाणल्या. आईनं पाचवी वाढली. ती पण.

टेम्पोत आमचे सात जण आणि काकी. काकीला कोणी बोलावलं नव्हतं. "पोराला महिनाभर राबवलाय, बघू तरी काय दिवे लावतो," असं बोलून ती टेम्पोत सगळ्यात आधी चढून बसली.

वजनाची वेळ दहा ते बारा. टेबल, टेबलाजवळ डिजिटल काटा, काट्यामागं शिट्टी गळ्यात घातलेले पंच. आमचे सहा जण पास. मी शर्ट काढला, छाती पुढं काढली आणि हसत उभा राहिलो.

पंचावन्न किलो आठशे.

"मशीन बिघडलीय," मी बोललो.

पंच बोलले, "तुमच्या आधी चाळीस पोरं उभी राहिली, तेव्हा नव्हती बिघडली."

बाळूदादाचा चेहरा मला आज पण आठवतो. ओरडला नाय. नुसता टेम्पोकडं गेला आणि स्कोअरची वही काढून माझ्या हातात दिली.

मी काकाला फोन लावला. "काका, तुझा काटा खोटा हाय!"

"काटा बरोबर हाय," काका बोलला. "सुशा, पहिल्या दिवसानंतर तरी तू झोळीत बसायचास ना रे?"

"झोळीत कशाला?" मी विचारलं.

"झोळी दीड किलोची हाय. दर टायमाला वजा कोण करत बसंल, म्हणून मी सुईच दीड किलो मागं करून ठेवलीय. तू रोज नुसताच लटकायचास काय?"

म्हणजे जी झोळी मी कधी लावलीच नाय, तिचं वजन महिनाभर माझ्या अंगातनं वजा होत होतं! दोन पोरींसमोर तान्हा दिसायला नको म्हणून!! वर आजच्या पाच भाकऱ्या.

घड्याळात साडेदहा. दीड तासात आठशे ग्राम.

मी अंगठी काढली. करदोडा काढला. संघातल्या एकाचं सलूनचं दुकान होतं, त्याच्याकडं मशीन होती, त्यानं माझं डोकं पार गुळगुळीत केलं. परत उभा राहिलो. चाळीस ग्राम उतरले! माझ्या डोक्यावर आयुष्यभर एवढाच माल होता. मी टेम्पोच्या चाकाजवळ बसलो आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. (लगेच वाटलं, चांगलंय, हे पण वजनातनं जाईल.)

काकी समोर येऊन उभी राहिली. कंबरेवर हात.

"रडतोस काय? ऊठ. तिकडं बघ."

मैदानाच्या पलीकडं एक शेत होतं. त्यांचा गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा वजनदार भात नुकताच कापून झालेला, भारे बांधून शेतात पडलेले. काकी तरातरा त्या शेतकऱ्याकडं गेली.

"दादा, तुमचे भारे आमी खळ्यावर टाकतो."

तो बिचारा गोंधळला. "मजुरी किती?"

"काय नको."

"मग कशाला?"

"या टकल्याचा वजन उतरवायचाय."

मला दोन स्वेटर घातले, वर बाळूदादाचं रेनकोटचं जॅकेट. डोक्यावर चुंबळ. काकीनं हात लावला, भारा चढला. आणि मी समोर बघतो तर काकीनं शेतकऱ्याला हात लावायला लावून स्वतः पण एक चढवलाय!

"तू कशाला काकी? वजन माझं उतरवायचंय!"

"तू एकटा गेलास का मधेच बसशील. मी पुढं, तू मागं. माझी टाच सोडायची नाय!"

बस्स. मग ती टाच आणि मी. बारीक पावलं, मान सरळ, थांबायचं नाय. डोक्यावर ऊन, जॅकेटच्या आत पाण्याची टाकी फुटल्यासारखा घाम. पाणी मागितलं तर "काट्यावरनं उतरल्यावर पी!" चार खेपा झाल्या तशी मैदानाकडची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. नवव्या खेपेला समालोचक लांब वायर ओढत माईक घेऊन आला. आणि सुरू!

"मंडळी, मैदानात सामना सुरू व्हायचाय पण शेतात सुरू झालाय! किन्हवलीकरांचा नववा भारा... काकींचा दहावा! काकी एकनं पुढं! अरे, टकलू मागं पडतोय... नाय, नाय, आला! पकडली टाच!"

लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं मला वाजवतायत. नीट बघितलं तर सगळ्यांच्या नजरा काकीवर. आणि खरंच सांगतो, मी पण तिच्याकडंच बघत होतो. पस्तीस किलो डोक्यावर आणि बाई चालतेय कशी, जसा पाण्यावरनं साप जावा. मान हलत नाय, श्वास वाढत नाय. मधेच एका बाईला विचारते, "ही भाजी कुठली लावलीय गो?" शेत संपलं. सगळे भारे खळ्यावर! तो शेतकरी हात जोडून उभा.

अकरा सत्तावन्न. मी स्वेटर, जॅकेट भिरकावलं, अंग पुसलं, काट्यावर उभा राहिलो. आकडा वर, खाली, वर...

चोपन्न किलो नऊशे ऐंशी.

बाळूदादानं माझ्या हातातनं वही हिसकावली आणि भिरकावून दिली. मी एका दमात बाटलीभर पाणी प्यायलो. सगळे ओरडतायत, आणि पंच काकीला बोलले, "काकी, आता तुमी पण उभ्या राहा. बघू तरी."

काकी लाजली. "माझा कशाला?" पण चप्पल काढून उभी राहिली.

शेहेचाळीस किलो तीनशे.

समालोचकाच्या हातातला माईक तसाच राहिला.

तर सामना. अडीच वाजता आमचा नंबर आला. दुसऱ्या डावापर्यंत बरोबरी, आणि दादानं मला चढाईला पाठवलं. मी गेलो. कोपऱ्यातल्या पोराला पायानं शिवलो, दोघांनी मला धरलं, पण ते धरणं म्हणजे काय, पस्तीस किलोचा भारा मानेवर घेतलेल्या माणसाला! बारीक पावलं, कमरेतनं जोर, थांबायचं नाय. ओढत ओढत आलो आणि हात मध्यरेषेला टेकवला. गुण! आयुष्यातला पहिला!!

आणि तिथंच दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. एवढा घाम काढल्यावर दुसरं काय होणार? मी रेषेवर आडवा, आईला हाक मारत.

स्ट्रेचर नव्हतं. पोरं एकमेकांकडं बघतायत, तेवढ्यात काकी दोरीखालनं आत.

पंचांनी शिट्टी मारली. "बाई, मैदानात येता येत नाय!"

"मग तू उचल!"

काकी माझ्याजवळ बसली, खांदा माझ्या पोटाखाली घातला आणि वर न बघता हुकूम सोडला, "हात लाव रे!"

आणि पंचांनी हात लावला! शिट्टी तोंडात तशीच. काय करणार, ते पण इकडचेच, हात लाव बोललं की लागतोच तो. मी एका झटक्यात काकीच्या खांद्यावर. डोकं मागं लोंबकळतंय, पाय पुढं.

"काकी, सोड गो, लोक फोटो काढतायत!"

"गप राहा. ओला भारा हायस."

आमी तो सामना दोन गुणांनी जिंकलो. पुढच्या सामन्यात मी खेळू शकलो नाय, पाय सुजलेले. काय केलं विचारू नका. (बरं, सांगतो. स्कोअर लिहिला.) तो सामना हरलो. पण बक्षीस समारंभात आयोजकांनी काकीला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. काकी घरी आल्यावर बोलली, "शाल ठीक हाय, पण तो भात गरवा नव्हताच, पेंढी हलकी होती." दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून, सगळ्यांसमोर, शेजारच्या दोन्ही पोरींसमोर, झोळीत बसलो. आईनं सुई बघितली, काकानं मान हलवली, पोरींनी पोट धरलं.

तेव्हापासून मी व्यायाम शोधणं सोडलंय. काकी सांगेल ते उचलतो.

आणि हो, तो फोटो तुमच्यापर्यंत पण आला असेल, सगळ्या ग्रुपवर फिरतोय. जिमच्या सरांनी तर तो स्टेटसला लावला, खाली लिहिलं, 'आमचे माजी विद्यार्थी, बघा रिझल्ट!' आता अख्ख्या शहापुरात सगळ्यांना वाटतंय की काकी जिमला जात होती. एक जण तर मला विचारत होता, "त्या ताई कुठलं प्रोटीन घेतात?"

फोटोत काकीच्या छातीसमोर जे दोन मळलेले पाय लोंबतायत ना, ते माझे.